नारंगी वायरीची भीती



गेल्या महिन्यात आमच्या सेकंडहँड हायब्रिड गाडीचे चारही स्पार्क प्लग मी क्वार्टरसमोरच्या आंब्याखाली बसून बदलले आणि ही गोष्ट सीएसडी कँटीनच्या रांगेत सहज बोलून गेलो. चूक झाली. एकजण म्हणाला, "हायब्रिडला हात लावलास? चिकटशील एक दिवस." दुसरे एक निवृत्त साहेब, वयानं आणि सेवेनं मोठे, हसत म्हणाले, "अरे, आता खांद्यावर तारे आलेत. हात काळे करायचे दिवस गेले तुझे." पहिल्या वाक्याचं वाईट वाटलं नाही, ते काळजीपोटी होतं. दुसरं मात्र अजून डोक्यात आहे. म्हणून हा लेख जरा कडक होणार, आधीच सांगतो.

गाडीची कथा थोडक्यात. कंपनीचं नाव घेत नाही, घेतलं की चर्चा कंपनीवर जाते आणि मुद्दा राहतो बाजूला. रायपूरला पोस्टिंग आल्यावर नागपुरातून घेतलेली, लाखाच्या वर किलोमीटर झालेली, वॉरंटी संपलेली चार सिलिंडरची गाडी. मार्चपासून तेलीबांधाच्या सिग्नलला उभं असताना इंजिन आपोआप सुरू झालं की गाडी थरथरायची. मग एके दिवशी डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि हायब्रिड सिस्टिम तपासा असा निरोप. सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने बॉनेट न उघडता सांगितलं, "सर, बैटरी का मामला लगता है." आणि बॅटरीचा आकडा सांगितला. तो आकडा ऐकून मी गाडीकडे नाही, खाली बघितलं. कोड कोणता आलाय असं विचारलं तर म्हणे ते सिस्टिमचं असतं, तुम्हाला नाही कळणार.

रायफल अडकली तर आपण काय करतो? आयए करतो. कॉक करून बघतो, मॅगझिन बघतो, चेंबर बघतो. रायफल कोतात जमा करून नवी मागत नाही. युनिटच्या एका ड्रायव्हरकडे मोबाईलला जोडायचं कोड वाचणारं डबडं होतं, ते स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावलं. कोड आला पी०३०२. म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नाही, किंवा पडूनही पेट्रोल जळत नाही. बॅटरीचा एकही कोड नव्हता. हायब्रिड गाडीत पेट्रोल इंजिन बिघडलं तरी निरोप मात्र हायब्रिड सिस्टिमच्या नावाने येऊ शकतो, कारण दोघांचं काम एकमेकांत गुंतलेलं असतं. हे त्या पोराला माहीत नसेल तर वाईट आणि माहीत असेल तर त्याहून वाईट.

आता भीतीकडे येऊ. हायब्रिड म्हणजे काय? एक साधं पेट्रोल इंजिन आणि त्याच्या जोडीला विजेची मोटर व मोठी बॅटरी. त्या पेट्रोल इंजिनाचा प्लग तोच, जो जिप्सीत होता, जोंगात होता, वडिलांच्या लुनात होता. लुनाच्या ओल्या कॅपला हात लागून झिणझिण्या आल्या नाहीत असा आमच्या वयाचा माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. त्या कॅपमध्ये हजारो व्होल्ट असायचे. पण ते क्षणापुरते, आणि त्यामागे ताकद फारशी नसते, म्हणून आपण शिवी देऊन पुढे निघायचो. हायब्रिडच्या मोठ्या बॅटरीचे व्होल्ट त्यामानाने कमी, बऱ्याच गाड्यांत दोनशेच्या आसपास, पण मागे ताकद प्रचंड. ती माणूस मारते. म्हणून तिच्या वायरी नारंगी असतात आणि नारंगीला हात लावायचा नाही. यात माझं काही वेगळं मत नाही.

पण प्लग बदलताना नारंगी वायरीशी संबंधच येत नाही. माझ्या गाडीत तरी वरचं प्लॅस्टिक कव्हर काढलं की चार कॉइल समोर दिसतात. तुमच्या गाडीत वाटेत इन्व्हर्टर किंवा नारंगी वायर काढावी लागत असेल तर बॉनेट बंद करा आणि शिकलेल्या माणसाकडे जा, तिथे हट्ट नको. "बॅटरीला हात लावू नका" हा इशारा बरोबर आहे. माझी तक्रार ही की त्या इशाऱ्याचं कुंपण ओढत ओढत प्लगपर्यंत, एअर फिल्टरपर्यंत, उद्या वायपरच्या पाण्यापर्यंत आणतात आणि आपण ते आणू देतो.

खरा धोका कोणी सांगत नाही, तो मी सांगतो. 'रेडी' दिवा लागलेला असताना हायब्रिडचं इंजिन बंद दिसतं, पण बंद नसतं. बॅटरी उतरली की ते न विचारता फिरायला लागतं. तुमची बोटं बेल्टजवळ असतील तर देव राखो. म्हणून गाडी पूर्ण बंद करायची, चावी घरात लांब ठेवायची (खिशात नाही), इंजिन गार होऊ द्यायचं आणि बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची. ही छोटी बॅटरी काही गाड्यांत डिकीत असते आणि डिकीचं लॉक विजेवर चालतं. तार काढून डिकी आपटून बंद केलीत तर पुढचा अर्धा तास मागच्या सीटवरून आत रांगण्यात जातो. कसं माहीत, ते विचारू नका.

रायपूरची आणखी एक खास गोष्ट म्हणजे धूळ. उरला आणि सिलतराकडच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी इथे गच्चीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, आणि प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथेही कडेकडेने जमते. कॉइल काढून थेट प्लग खोललात तर ती भुकटी सरळ सिलिंडरमध्ये. म्हणून आधी हवा मारायची. माझ्याकडे कॉम्प्रेसर नाही, मुलाच्या सायकलचा पंप आणि प्लॅस्टिकची नळी वापरली. वीस मिनिटं गेली. कॉइलचे कपलर उन्हाने कडक झालेले असतात, ते ओढायचे नाहीत, खटका दाबून सोडवायचे. दहा नंबरचा पाना, लांब एक्स्टेंशन, आत रबर असलेलं प्लगचं सॉकेट. एवढंच सामान.

दोन नंबरचा प्लग बाहेर आला तेव्हा इन्सुलेटरला बारीक तडा दिसला. बाकी तिघांचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे इंजिन निरोगी. तेलाने काळाकुट्ट ओला असता तर गोष्ट वेगळी होती, मग मीही गप्प पार्टवाल्याकडे न जाता मेकॅनिककडे गेलो असतो. प्लग म्हणजे सिलिंडरच्या आतून आलेला सिटरेप आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये तो तुम्हाला कोणी दाखवत नाही, जुने प्लग थेट डब्यात जातात.

इथे जुन्या एमटीवाल्यांना एक चापट. जिप्सीच्या प्लगवर पॉलिश पेपर घासून, गेज घालून, टकटक करून पुन्हा बसवायची आपली सवय आहे. इरिडियमच्या प्लगला हे चालत नाही. त्याचं टोक केसासारखं बारीक असतं, घासलंत की संपला. गॅप कारखान्यातून बसवून येतो. आट्यांना ग्रीस लावायचं नाही, कारण ग्रीसवर तोच टॉर्क दिला तरी प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. हेड अॅल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर हजाराचं काम पन्नास हजारांवर जातं. पहिले सगळे फेरे हाताने, फक्त एक्स्टेंशन धरून. हाताला अडखळलं की उलटं फिरवायचं आणि पुन्हा सुरुवात. शेवटी टॉर्क रेंच, मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा, अंदाजपंचे नाही. "आपल्या हाताला कळतं" म्हणणाऱ्यांनी किती नटबोल्ट तोडलेत हे मी गॅरेजच्या रजिस्टरमध्ये वाचलेलं आहे. आणि प्लग घ्यायचे तर पक्क्या बिलावर, कारण नकली माल हुबेहूब डब्यात मिळतो.

चार प्लग मिळून चार हजारांच्या आत. तार जोडली, गाडी रेडी केली, इंजिन आपोआप सुरू झालं आणि थरथर नाही.

काहीजण म्हणतील, अशाने गरीब मेकॅनिकच्या पोटावर पाय येतो. बरोबर उलट आहे. सर्व्हिस सेंटरच्या आधी मी टाटीबंधजवळच्या एका मिस्त्रीकडेच गेलो होतो. हाताने सोनं असलेला माणूस, ट्रकचं इंजिन आवाजावरून ओळखतो. त्याने बॉनेटवरचा बिल्ला बघितला आणि दोन पावलं मागे सरकला. "साहब, ये कंपनी वाला काम है." त्याला मागे कोणी सरकवलं? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती, तपासणीची उपकरणं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू न देणं. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, जायचंच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टलही काढलं, त्यात मोटारगाड्या आहेत. पण टाटीबंधच्या मिस्त्रीपर्यंत यातलं काय पोचलं? त्याच्या हातात आजही ना मॅन्युअल, ना स्कॅनर. माझ्या प्लगमुळे त्याचा रोजगार बुडालेला नाही. तो आधीच कुंपणाबाहेर उभा केलेला आहे, माझ्याच शेजारी.

वॉरंटी चालू असेल तर मात्र कागद जपा, काम तिथेच करा, बिल ठेवा. तत्त्वासाठी कोर्टात जायला आपल्याला रजा मिळत नाही.

आता ते साहेब. साहेब, तुम्हीच मला रंगरूट असताना फर्स्ट परेड शिकवलीत. तेल, पाणी, हवा, बेल्ट, बॅटरी, रोज सकाळी, गाडी चालो न चालो. तेव्हा तुमचेही हात काळे असायचे आणि तुम्ही ते पँटला नाही, कॉटनवेस्टला पुसायचे, हेही आठवतं. खांद्यावर एक चांदणी वाढली म्हणून ती परेड कोणत्या आदेशाने रद्द झाली? निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतून गाडी घेणारे आपलेच लोक बॉनेट कुठून उघडतं हे पोराला विचारतात, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर सांगेल त्या आकड्याखाली सही करतात. एका माजी सैनिकाने बॅटरीच्या नावाखाली गाडी मातीमोल भावात विकली. नेमकं काय बिघडलं होतं ते आता कधीच कळणार नाही, कारण कोड कोणी वाचलाच नव्हता.

कोड वाचणारं डबडं मी आता विकत घेतलंय. रविवारी सकाळी आंब्याखाली असतो. साहेब, तुमच्या गाडीचेही लाख होत आलेत. येताना जुने कपडे घालून या.