वाटेचा सातबारा

किनवटहून माहूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना सागाचे रान लागते. मराठवाड्यात उरलेल्या मोजक्या सलग जंगलांपैकी हे एक. पैनगंगेच्या काठापासून माहूरच्या डोंगरापर्यंत पसरलेल्या या रानात रस्ते थोडे आणि वाटा पुष्कळ आहेत. कोलामांच्या पोडापासून पाणवठ्यापर्यंत, बंजाऱ्यांच्या तांड्यापासून आठवडी बाजारापर्यंत, गोंड आणि आंधांच्या गावांतून मोहाच्या झाडांकडे, देवस्थानाकडे, मसणवटीकडे जाणाऱ्या या वाटा कोणत्याही खात्याने आखलेल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी त्या पाडल्या आहेत. त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही आणि त्यांच्यासाठी कोणी मजुरीही मागितलेली नाही.

या वाटांकडे आता एक नवी नजर वळू शकते. डोंगरातून, दगडधोंड्यांतून जाड टायरची, गिअरची सायकल चालवण्याचा खेळ हिमाचलात आणि सह्याद्रीत रुजला आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत पहाटे सायकल घेऊन बाहेर पडणारे तरुण आहेत. लातूर जिल्ह्यात जंगलाखालचे क्षेत्र एक टक्काही नाही. त्यामुळे तेथील हौशी सायकलपटूची दृष्टी किनवट-माहूरकडे जावी हे स्वाभाविकच होय. त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या वाटेवर ही चाके फिरतील, त्या वाटेचा सातबारा कोणाच्या नावावर असेल?

या खेळाला श्रीमंतांचे थेर म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ते योग्य नव्हे. त्याचा उगम १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला, तोही जुन्या, जड, टाकून दिलेल्या सायकली जोडून वणवाविरोधी रस्त्यांवरून खाली सोडणाऱ्या तरुणांच्या हातून. कारखानदार मागाहून आले. १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये पोहोचला. पण त्यापूर्वीच पायी चालणारे, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांच्यात वाटेच्या हक्कावरून भांडणे जुंपली होती, आणि १९८४ साली अमेरिकेच्या वनखात्याने संरक्षित निबिड वनप्रदेशात सायकलीला स्पष्ट मनाई केली. स्कॉटलंडने निराळा मार्ग धरला. तेथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जमिनीवरून जबाबदारीने जाण्याचा हक्क सर्वांना दिला आणि त्यात सायकलस्वारही आले. या दोन्ही अनुभवांतून निघणारा धडा एकच : रानातल्या वाटेचा प्रश्न हा मुळात खेळाचा नसून हक्काचा असतो.

शिवाय सायकल ही वस्तू गरिबांना परकी नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. त्यांपैकी बहुतेकांना ती खेळासाठी लागत नव्हती. तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि त्यांची बाजाराची, पाण्याची व माहेरची वाट त्यांच्या ताब्यात आली. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. वाढ मुख्यतः शाळा दूर असलेल्या गावांत झाली होती. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाने मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींच्या हाती सायकल दिली. परंतु सायकल दिली म्हणजे वाट दिली असे होत नाही. पावसाळ्यात ओढ्याशी तुटणारी, चिखलात चाक रुतणारी पायवाट जोवर तशीच आहे, तोवर पोडावरच्या मुलीची सायकल भिंतीला टेकून राहणार. म्हणून किनवटच्या रानात सायकलीसाठी वाट करायची असेल, तर तिच्यावर पहिला अधिकार या मुलीचा आहे. हौशी स्वाराचा क्रम तिच्या मागे लागतो.

या रानाचा इतिहास हक्क हिरावले जाण्याचा आहे. किनवट तालुका पूर्वी निजामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. निजामाच्या वनखात्याने जंगले राखीव केली, तेव्हा गोंडांची शेते आणि वाटा एका रात्रीत ‘अतिक्रमण’ ठरल्या. त्याविरुद्ध उभा राहिलेला कोमाराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. त्याची पाणी, जंगल आणि जमीन यांवरील हक्काची मागणी किनवटच्या सीमेला लागून असलेल्या मुलखातच उठली होती. पुढे राज्ये बदलली, भाषा बदलली, झेंडे बदलले. वनरक्षकाची पावती मात्र तशीच राहिली. स्वतःच्याच वाटेवरून सरपणाची मोळी आणणाऱ्या स्त्रीला गुन्हेगारासारखे चोरून चालावे लागले.

या अन्यायाची कबुली कायद्याने २००६ साली दिली. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याने आपल्या पारंपरिक जंगलाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला दिला. शाळा, दवाखाना, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन वापरता येते. अट एवढीच की हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे पडू नयेत. म्हणजे मुलींच्या शाळेची वाट नीट करण्यास आज कायद्याचा आधार आहे. या यादीत सहलीच्या वाटेचा उल्लेख नाही, आणि तेही योग्यच होय. तशी वाट आखायची तर तिची जागा ग्रामसभेने केलेल्या सामूहिक वन व्यवस्थापन आराखड्यात असली पाहिजे.

येथेच खरा धोका आहे. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने वनखात्याच्या कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सोयींना ‘वनेतर वापरा’च्या व्याख्येतून वगळले. जंगलात तंबू, निवास, उपाहारगृह वा साहसी खेळाची वाट उभारणे यापुढे जंगलाचाच वापर मानले जाऊ शकते. कार्य आयोजनेत एक परिच्छेद घातला की काम झाले. ही आयोजना खाते तयार करते, ग्रामसभा नव्हे. सामूहिक हक्काचा दावा दाखल न केलेल्या गावाला एके दिवशी आढळेल की, त्याच्या पाणवठ्याची वाट कुणा कंत्राटदाराच्या तिकिटाखाली गेली आहे आणि गावातील तरुणांना त्याच वाटेवर शिट्टी घेऊन उभे राहण्याची रोजंदारी मिळाली आहे. यालाच मग ‘स्थानिकांना रोजगार’ असे नाव दिले जाईल.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा व मर्दा या गावांनी २००९ साली देशात प्रथम सामूहिक वनहक्क मिळवले. चंद्रपूरच्या पाचगावला ते २०१२ साली मिळाले आणि बांबूच्या विक्रीवर त्या गावाने स्वतःचा संसार उभा केला. पूर्वीच्या मध्य प्रांतातील या गावांच्या हाती निस्तार हक्कांचा जुना लेखी आधार होता. निजामी मुलखातील किनवटला तेवढा आधार नाही. बंजाऱ्यांपुढील अडचण आणखी वेगळी. महाराष्ट्रात ते अनुसूचित जमातींत येत नसल्यामुळे त्यांना पंच्याहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. परिणामी तांडा आणि पोड एकाच रानात राहूनही कायद्यापुढे विभागले जातात.

पण पुरावा म्हणजे केवळ कागद असे वनहक्काचे नियम मानत नाहीत. वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, देवराया, पवित्र वृक्ष, गावाने बांधलेली तळी, दफनभूमी, चराईच्या जागा हे सारे पुराव्यात धरले जाते. आणि या प्रत्येक स्थळापर्यंत काय जाते? वाट जाते. तेव्हा हौशी सायकलस्वाराला जी वाट खेळाचे मैदान वाटते, ती गावाच्या दाव्यातील एक दस्तऐवज आहे. जे तरुण आज उपग्रहाधारित यंत्रावर आपल्या फेरीचा मार्ग टिपतात, त्यांनी ग्रामसभेच्या सांगण्यावरून गावच्या म्हाताऱ्यांसोबत तेच काम केले, तर वाटांचा नकाशा दाव्याला जोडता येईल. शहरातील सायकल आणि रानातील माणूस यांची पहिली भेट अशी व्हावी.

हक्क मिळाल्यानंतर गावाने सहलीची वाट आखावी की नाही, हे गावाने ठरवावे. आखायची ठरल्यास तीत गूढ असे तंत्र नाही. वाट उतारावरून सरळ खाली सोडली की पहिल्याच पावसात तिचा ओहोळ होतो. ती डोंगराच्या कडेने समपातळीला धरून न्यावी लागते आणि पाणी आडवे काढून द्यावे लागते. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमीचा प्रयोग केला आणि १९७७ साली तिचा कायदा केला. त्या कामांवर सलग समतल चर खोदलेल्या मजुराला हे ज्ञान उपजतच आहे. मात्र त्याला नियमांची जोड हवी. पावसाळ्यात वाट बंद. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया पहाटेच रानात असतात आणि स्वारांनाही नेमकी तीच वेळ आवडते. म्हणून त्या हंगामात पहाटेची फेरी बंद. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या तोडणीत अडथळा नाही आणि विडी-काडीपेटीला मज्जाव. रात्री वाट जनावरांची. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेते-रानांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला होता; हा मुलूख वाघाच्याही येण्याजाण्याचा आहे हे विसरून चालणार नाही.

उत्पन्नाविषयी भाबडेपणा नको. सायकलच्या वाटेने ऊसतोडीला जाणारी बिऱ्हाडे थांबतील असे म्हणणे म्हणजे गरिबांची थट्टा होय. हंगामातल्या काही रविवारी पाच-पन्नास माणसे येतील. त्यांचे जेवण, वाटाड्या, मुक्काम आणि प्रवेशशुल्क एवढाच हा व्यवहार. पण अर्थशास्त्राचा प्रश्न उत्पन्न किती, एवढ्यावर संपत नाही. खंड कोणाकडे जातो, हा त्याचा दुसरा भाग आहे. तोच पैसा ग्रामसभेच्या खात्यात पडला तर वणव्याच्या राखणीला उपयोगी पडतो. कंत्राटदाराकडे गेला तर गावात फक्त प्लॅस्टिक उरते. ग्रामसभेतही पाटील, पुढारी आणि ठेकेदार असतातच. त्यावर उपाय ग्रामसभा टाळणे हा नव्हे. हिशेबाचे वाचन उघड्यावर व्हावे, निर्णयाच्या बैठकीला स्त्रियांची हजेरी असावी आणि तांडा व पोड दोघांचाही वाटा लेखी ठरावा, हा तो उपाय आहे.

लातूरकडे पाहताना हाच न्याय वेगळ्या रूपात लावावा लागेल. तेथे जंगल नाही, पण बालाघाटचे माळ आहेत. उदगीरजवळील हत्तीबेट किंवा वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेले वडवळ नागनाथचे बेट अशी हिरवी ठिकाणे थोडी. बाकी सारा उघडा माळ. शहरी नजरेला हा माळ रिकामा दिसतो. परंतु मराठवाड्यात पुष्कळदा तो गायरान असतो, आणि त्या गायरानाचा एखादा तुकडा भूमिहीन दलित कुटुंब कसत असते. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला, तरी पुष्कळ कुटुंबांची पायपीट संपली नाही. ज्या टेकडीवर सायकलची वाट आखली जाईल, तेथे कोणाची ज्वारी उभी आहे हे आधी विचारले पाहिजे.

या विषयाला किरकोळ समजून कार्यकर्त्यांनी सोडून देऊ नये. मोठी धरणे आणि खाणी येतात तेव्हा गाव जागे होते. तंबू आणि सायकली येतात तेव्हा त्या पाहुण्यांसारख्या येतात आणि गाव त्यांना पाणी विचारते. म्हणूनच आधी तयारी हवी. किनवट-माहूरमधील ज्या गावांचे सामूहिक दावे दाखल नाहीत त्यांची यादी करावी. ज्यांचे दावे अडले आहेत, त्यांच्यासाठी उपविभागीय समितीकडे लेखी पाठपुरावा करावा. वनखात्याची कार्य आयोजना मागवून ती ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावी. आणि शाळेच्या वाटेची मागणी सर्वांत आधी ठरावात आणावी. हे झाल्यावर नांदेड-लातूरचे तरुण सायकली घेऊन खुशाल यावेत. गावच्या वाटेवर गावाच्या परवानगीने येणारा पाहुणा मराठवाड्यात कधी उपाशी परत गेलेला नाही.