विकतचा किल्ला

दिवाळीची खरेदी ऐन भरात आली की नाशिकच्या बाजारपेठेत पणत्या, रांगोळी आणि आकाशकंदील यांच्या शेजारी अलीकडे आणखी एक वस्तू मांडलेली दिसते. ती वस्तू म्हणजे तयार किल्ला. प्लास्टर ऑफ पॅरिसचा, हिरव्या-तपकिरी रंगाचे फवारे मारलेला, बुरूज आणि दरवाजे साच्यातूनच उमटलेला, दुचाकीवर दोघांच्या मध्ये सहज मावेल एवढा. वडील थोडी घासाघीस करतात, मूल बोट दाखवते आणि पाच मिनिटांत गड ताब्यात येतो. घरी नेऊन तो गॅलरीत ठेवला, भोवती चार मावळे उभे केले, की काम संपले. सुट्टीचे उरलेले पंधरा दिवस मोबाइलसाठी मोकळे.

यात कोणाचे काही बिघडले असे वरवर पाहता वाटणार नाही. विक्रेत्याच्या पोटापाण्याची सोय झाली, आईची फरशी स्वच्छ राहिली, मुलाची हौस भागली. परंतु ज्या घरांच्या दिवाणखान्यात शिवछत्रपतींची प्रतिमा आदराने लावलेली असते, ज्या घरांतील मुलांना अफझलखानाचा वध आणि आग्र्याहून सुटका तोंडपाठ असते, त्याच घरांत हा साच्यातला गड सर्वांत सहजपणे शिरला आहे, हे विचार करण्यासारखे आहे. इतिहास आपण मुलांना कानांनी देतो. व्याख्याने, बौद्धिके, पोवाडे, मालिका यांतून तो दिला जातो, आणि देत राहावा. मात्र मराठी मुलाच्या हाताला इतिहासाचा स्पर्श घडवणारी एकच घरगुती प्रथा आपल्याकडे होती. ती दिवाळीच्या किल्ल्याची. तीच विकत घेण्याची गोष्ट ठरली, तर हाताच्या वाट्याला काय उरले?

जुन्या नाशकात, गंगेकाठच्या वाड्यांतून (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) किल्ल्याची तयारी सहामाही परीक्षेच्या शेवटच्या पेपरआधीच सुरू होई. कोणाच्या परसात फुटक्या विटा आहेत, कोणाच्या माळ्यावर जुने गोणपाट आहे, कुठे घराचे काम चालू आहे आणि तिथला मुकादम चार घमेली माती देईल का, याची टेहळणी चाले. मग दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर माती कालवून केलेल्या राड्यात बुडवलेले गोणपाट पसरायचे आणि वर हातांनी थापत थापत कडे-कपारी काढायच्या. करवंटी पुरली की तळे तयार. काडेपेटीच्या खोक्याचा दरवाजा, फुटलेल्या बांगडीच्या काचांची फरसबंदी. डॉक्टरांच्या दवाखान्यातून मागून आणलेली सलाईनची नळी आणि झाडावर टांगलेला डबा एवढ्या सामग्रीवर गडाच्या पायथ्याशी कारंजे उडे. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे कधी दरवाजापेक्षा उंच निघत, तर सिंहासनावरील महाराजांच्या पायथ्याशी एखादा बंदूकधारी प्लास्टिकचा सैनिक आणि एखादी जीपगाडीही पहाऱ्याला उभी असे. इतिहासाच्या अभ्यासकाने यावर कपाळाला हात लावावा. पण ती मुलांची सत्ता होती आणि त्या सत्तेत वडीलधाऱ्यांनी ढवळाढवळ केली नाही, हेच बरे झाले. भाऊबीज उलटल्यावर त्याच गडाच्या पोटात सुतळी बॉम्ब ठेवून तो उडवण्याचा सोहळाही होई. वर्षभर जपण्याची वस्तू ती नव्हतीच. पुढच्या वर्षी पुन्हा बांधायची होती.

या चिखलकामात मूल जे शिकते ते साच्यातल्या गडातून शिकता येत नाही, याचे कारण अगदी साधे आहे. माती ऐकत नाही. नाशिक परिसरातील काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की आकसून तडकते. रात्री गुळगुळीत दिसलेल्या बुरुजाला सकाळी बोटभर भेग पडलेली असते. मग कोणीतरी आजी सांगते की, मातीत भुसा किंवा बारीक चिरलेले गवत मिसळा, थोडी राख घाला. तसे केले की भेगा कमी होतात. उतार फार उभा केला तर तो खचतो, पाया रुंद ठेवला तर उभा राहतो. तळ्यातले पाणी जिरून जाते, मग तळाला गाळाचा लेप द्यावा लागतो. हे प्रत्येक अपयश मुलाचे स्वतःचे असते आणि त्यावरचा उपायही त्यालाच सापडतो. प्लास्टरचा गड पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. त्यात मुलाने करण्याजोगे काहीच शिल्लक नसते.

शिक्षणशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा युरोपातून आलेली माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आणली. ही नाइलाजाने केलेली तडजोड नव्हती. मुलाच्या परिसरातील वस्तू हीच त्याची उत्तम शिक्षिका, असा त्यामागे विचार होता. बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे प्रयत्नपूर्वक उभे करावे लागले, ते मराठी अंगणात दर दिवाळीला कोणी न सांगता घडत होते.

नाशिकच्या मुलाला तर या बाबतीत निसर्गानेच झुकते माप दिले आहे. महाराष्ट्रातील सर्वाधिक गिरिदुर्ग असणाऱ्या जिल्ह्यांत नाशिकची गणना होते. असे असूनही येथील बहुसंख्य घरगुती किल्ल्यांवर पाटी असते ती रायगडाची किंवा प्रतापगडाची. ते गड वंदनीय आहेतच. पण शहरापासून तासाभराच्या अंतरावर उभ्या असलेल्या डोंगराची आकृती मुलाला ओळखता येऊ नये, हे काही भूषण नव्हे.

दिंडोरीच्या वाटेवर आशेवाडीजवळ उभा असलेला रामशेजच घ्या. सह्याद्रीतील इतर गडांच्या तुलनेत तो बुटका, सपाटीवर एकटाच उभा, भोवती ना घनदाट जंगल ना दुसऱ्या डोंगराचा आधार. औरंगजेब दक्षिणेत उतरल्यावर १६८२ साली शहाबुद्दीन खानाने या गडाला वेढा घातला, तेव्हा हा किल्ला चार दिवसांत पडेल असेच कोणालाही वाटले असते. छत्रपती संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत हा गड पाच वर्षे झुंजला. मोगलांनी गडावर मारा करता यावा म्हणून लाकडी दमदमे उभारले, सरदार बदलले, तरी गड हाती येईना. तो मोगलांकडे गेला १६८७ मध्ये, आणि तोही फितुरीने. या वेढ्याविषयी मोगलांचाच इतिहासकार खाफीखान एक विलक्षण गोष्ट नोंदवतो. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. कातडे मात्र भरपूर होते. गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा घडवल्या, त्यांना कातड्याने मढवले आणि त्यांतून मारा केला.

घरात असेल त्या वस्तूतून नसलेली वस्तू उभी करण्याचे याहून मोठे उदाहरण कोणत्या मुलाला सांगायचे? पेन्सिलीचा तुकडा, जुन्या चामडी पाकिटाची पट्टी आणि दोरा एवढ्या सामानात रामशेजची तोफ होते. ती ज्याने स्वतः गुंडाळली, त्याला त्या वेढ्याची सनावळी पाठ करून घ्यावी लागत नाही.

साल्हेरची गोष्ट वेगळी. सटाणा तालुक्यातील हा गड १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. कळसूबाईखालोखाल सह्याद्रीतील उंच शिखर तेच. १६७१ साली शिवछत्रपतींनी तो घेतला आणि १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मोरोपंत पिंगळे व प्रतापराव गुजर यांच्या फौजांनी मोगलांना उघड्या मैदानात धूळ चारली. सूर्यराव काकडे त्याच रणात पडले. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्या बारांत नाशिक जिल्ह्यातील एकमेव गड म्हणजे साल्हेर. त्या वेळी पेढे वाटले गेले, फलक झळकले. पण साल्हेरच्या शेजारी सालोटा आहे, दोहोंमध्ये खिंड आहे आणि माथ्यावर परशुरामाचे मंदिर आहे, हे ज्याने एकदा मातीत करून पाहिले, त्याला गडाची ओळख फलकावरून करून घ्यावी लागणार नाही.

आणखीही सोपे नमुने आहेत. त्र्यंबकेश्वराजवळच्या हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या, त्यांना हाताने धरण्यासाठी ठेवलेल्या खोबणी. ओल्या मातीत चमच्याच्या दांड्याने त्या पाडाव्यात. धोडपच्या माथ्यावरील भिंतीसारखा कडा आणि त्यातली खाच. मनमाडजवळची अंकाई-टंकाईची जोडी, मध्ये खिंड आणि पायथ्याशी आगगाडीचा रूळ. लहान मुलांना याहून काय हवे! मोठ्या मुलांना एवढे जरूर दाखवावे की आपले डोंगर टोकदार सुळक्यांचे नसून पायऱ्या-पायऱ्यांचे आहेत. लाव्हारसाचे थर एकावर एक साठून ते बनले. कठीण थराचा कडा झाला, मऊ थर झिजून उतार झाला. गडकऱ्यांनी तो कडाच तटासारखा वापरला आणि जिथे निसर्गाने हात आखडता घेतला तिथेच भिंत बांधली. बाजारातला गड कुठल्या डोंगराचा आहे, हे साचा करणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

घरातील आजोबांनी या कामात एक वाटा उचलावा. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्रे’ अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. त्यांतील दुर्गांविषयीचे प्रकरण फार मोठे नाही. भाषा जुनी असली तरी थांबत-थांबत वाचली तर दहा-बारा वर्षांच्या मुलाला कळते. गड बांधण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, टाकी-तळी करून साठा ठेवावा, दरवाजा शत्रूच्या थेट माऱ्यात येऊ नये, असा सारा व्यवहार अमात्यांनी मांडला आहे. एका संध्याकाळी ते वाचावे आणि दुसऱ्या दिवशी मुलांना विचारावे, ‘तुमच्या गडावर पाणी कुठे आहे?’ बहुतेक किल्ल्यांवर ते नसते. तळे पायथ्याशी असते, कारण तिथे करवंटी पुरणे सोपे जाते. या प्रश्नानंतर मुले पुन्हा माती कालवायला बसतात.

आता किल्ला-स्पर्धांविषयी. नाशिकपासून बेळगावपर्यंत गावोगावी त्या भरतात आणि त्यांमागचा हेतू चांगलाच असतो. तरुण मंडळी नकाशे अभ्यासून एखाद्या गडाची मोठी प्रतिकृती उभारतात, ती एक स्वतंत्र आणि कौतुकास्पद कला आहे. परंतु लहान गटाचे बक्षीस ज्या किल्ल्याला मिळते, तो अनेकदा वडिलांनी रजा टाकून केलेला असतो. थर्माकोलचे तट, विजेची चिनी माळ, संगणकावर छापलेली माहितीपत्रिका. आणि शेजारी स्वच्छ कपड्यांत उभे असलेले मूल पाठ केलेले निवेदन म्हणून दाखवते. हा विकतच्या किल्ल्याचाच दुसरा प्रकार. परीक्षकांनी गडाकडे पाहण्याआधी मुलाच्या नखांकडे पाहावे आणि वाकड्या बुरुजाच्या गडाला निःसंकोच पहिला क्रमांक द्यावा. मुलाला दोनच प्रश्न विचारावेत. पाणी कुठून येते? दरवाजा इथेच का ठेवलास? ज्याने स्वतः बांधला आहे, तो अर्धा तास बोलत राहील.

तसेच, किल्ला मुलांनी करावा आणि मुलींनी भोवती रांगोळी काढावी, ही वाटणी कोणी ठरवली कोण जाणे. माती कालवण्याचे काम मुलगी जास्त मन लावून करते, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

‘आमच्याकडे अंगण नाही’ ही पालकांची अडचण खरी आहे. गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको येथील इमारतींत फरसबंदी वाहनतळ आहेत, माती नाही. आणि फरशीवर डाग पडतील म्हणून सोसायटीचे सचिव नाके मुरडतात. आई-वडील दोघेही नोकरीवरून सातला घरी येतात. त्यांच्याकडून वाड्यातल्या किल्ल्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पण रामशेजला फार जागा लागत नाही. जुनी परात किंवा फळ्यांचा पाट, खाली अंथरलेले प्लास्टिक, रोपवाटिकेतून आणलेली एक पोते माती आणि गॅलरीचा दोन फुटांचा कोपरा एवढ्यात तो उभा राहतो. मातीही नको असेल तर रद्दी भिजवून, कुटून, त्यात थोडी कणकेची खळ घालून केलेला लगदा चालतो. आतून खोकी आणि वरून लगद्याचा थर, सुकला की गेरू. सोसायटीतील पाच-सहा घरांनी मिळून एकच गड केला, तर सचिवांचीही समजूत पडते. विशेषतः त्यांचा नातू त्यात असेल तर. पसारा आवरण्याचे काम मात्र मुलांकडेच ठेवावे आणि किल्ल्याची माती नंतर तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत जावी.

पालकांनी हाताशी बसावे, पण हात मागे ठेवावेत. हे सर्वांत अवघड आहे. बुरूज कलतो आहे हे दिसत असूनही गप्प राहणे सुशिक्षित बापाला जड जाते. तो कलू द्यावा.

गडावर हिरवळ हवी असेल तर अळीव सर्वांत बरे. ओल्या मातीवर विखुरले आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडले की दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. मोहरीही लवकर येते, गहू थोडा मागाहून. म्हणजे वसुबारसेला गड हिरवा दिसायचा असेल, तर माती आदल्या आठवड्यातच घरी यायला हवी.