टोगोचे यश आणि त्याचा खर्च

घाना आणि बेनिन यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखा पसरलेला टोगो हा पश्चिम आफ्रिकेतील देश आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच डोकावतो. ऑगस्ट २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा गौरव केला, तो चार उपेक्षित रोगांवर मात करणारा जगातील पहिला देश म्हणून. नारू (२०११), हत्तीरोग (२०१७), निद्रारोग (२०२०) आणि खुपऱ्या (२०२२) हे ते चार रोग. यांतील तीन नावे मराठी वाचकाच्या ओळखीची आहेत. नारू महाराष्ट्राच्या खेड्यांतही होता. त्यातून भारत २००० साली मुक्त झाला आणि खुपऱ्यांतून २०२४ मध्ये. हत्तीरोग मात्र विदर्भात आजही आहे. लहान देशाला हे सोपे जाते, असे कोणी म्हणेल. पण लहान देशाची तिजोरीही लहानच असते.

हे साधले कसे? नारूवर औषध नाही, लसही नाही. पिण्याचे पाणी कापडातून गाळणे, रोग्याला तळ्यात उतरू न देणे आणि प्रत्येक रोग्याचा माग काढणे, एवढाच इलाज. ‘नदीअंधत्व’ या पाचव्या रोगावरील आयव्हरमेक्टिन हे औषध मर्क ही अमेरिकी कंपनी १९८७ पासून विनामूल्य देत आली आहे. त्याची मात्रा उंचीवरून ठरते. त्यामुळे खुणा केलेली काठी घेऊन गावानेच निवडलेला माणूस घरोघर गोळ्या वाटू शकतो.

या रोगाचा अर्थशास्त्राशी संबंध फार जवळचा आहे. तो पसरविणारी काळी माशी वाहत्या नद्यांत वाढते आणि सुपीक जमीनही नदीकाठीच असते. आंधळेपणाच्या भीतीने लोकांनी खोरी सोडली व ते उंचावरच्या हलक्या जमिनी कसू लागले. १९७४ मध्ये जागतिक बँक व आरोग्य संघटना यांच्या पुढाकाराने टोगोसह सात देशांत हेलिकॉप्टरमधून नद्यांवर कीटकनाशक फवारण्यास सुरुवात झाली. पुढे हे देश अकरा झाले. २००२ मध्ये मोहीम संपली तोवर सुमारे अडीच कोटी हेक्टर जमीन पुन्हा लागवडीयोग्य झाल्याचा अंदाज आहे. मदतीच्या पैशाचा इतका उघड परतावा क्वचितच पाहावयास मिळतो.

मात्र ‘निर्मूलन’ या शब्दाने फसू नये. हत्तीरोग, निद्रारोग व खुपऱ्या यांच्या बाबतीत त्याचा अर्थ रोग नाहीसा झाला असा नसून तो ठरावीक मर्यादेखाली आला एवढाच आहे. तो पुन्हा डोके वर काढतो का, हे वर्षानुवर्षे तपासावे लागते. येथेच हिशेब उलटा फिरतो. रोगी जितके कमी, तितका उरलेला एकेक रोगी शोधण्याचा खर्च अधिक. आणि रोगी दिसेनासे झाले की देणगीदाराचा उत्साहही ओसरतो. ब्रिटनने २०२१ मध्ये आपला कार्यक्रम आवरला. अमेरिकेने २००६ मध्ये सुरू केलेली मदत २०२५ च्या प्रारंभी थांबविली. गोळ्या फुकट मिळाल्या तरी त्या गावापर्यंत नेणे, रक्ताचे नमुने तपासणे, नोंदी ठेवणे ही कामे फुकट होत नाहीत. देणगीदारांना दोष देणे सोपे आहे आणि तो काही अंशी रास्तही आहे. परंतु पाहणीसारखा कायमचा खर्च परक्याच्या वार्षिक मर्जीवर सोपविणे, हा माझ्या मते मूळचाच दोष होता.

टोगोत नदीअंधत्व अजून संपलेले नाही. आफ्रिकेत ते प्रथम संपविल्याची नोंद जानेवारी २०२५ मध्ये नायजरच्या नावे झाली. माशी सीमा मानत नाही. मोनो नदी बेनिनच्या हद्दीवरून वाहते, ओटी पुढे घानात जाते; शेजाऱ्यांचे काम अपुरे राहिले तर टोगोचेही राहते. त्यातच देशाच्या उत्तरेकडील सावान प्रदेशात २०२१ पासून सशस्त्र गटांचे हल्ले होत आहेत. काठी आणि गोळ्या घेऊन त्या गावांत कोणी जावयाचे, आणि त्याचा प्रवासखर्च कोणत्या खात्यातून निघावयाचा, हे आता लोमे येथील अर्थमंत्रालयाला ठरवावे लागेल.