वजन उतरवायचंय? मग पाणी किती प्यायचं?

मैत्रिणींनो, वजनाचा विषय निघाला की पत्रं येतातच, आणि हल्ली त्या पत्रांत पाण्याचा प्रश्न हमखास असतो. कुणी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी कसंबसं घशाखाली ढकलते आहे. कुणाला जाऊबाईंनी सांगितलंय की रोज पाच लिटर प्यायलं की चरबी धुऊन निघते. एका भगिनीची तर तक्रारच आहे की पाणी पिऊन पिऊन रात्री चारदा उठावं लागतं, झोपेचं खोबरं होतं, आणि काटा काही जागचा हलत नाही.

तेव्हा आधी हे सांगून टाकते. पाण्यानं चरबी वितळत नाही, गरम पाण्यानंही नाही. तुपाचं पातेलं कढत पाण्यानं स्वच्छ निघतं, म्हणून पोटावरचंही तसंच निघेल असं आपल्याला वाटतं. पण प्यालेलं पाणी गरम असो की गार, पोटात गेल्यावर थोड्या वेळात ते शरीराच्या उष्णतेचं होतं. आणि चरबीपर्यंत ते तसं पोचतही नाही. गार पाणी तापवायला शरीराला उष्मांक खर्चावे लागतात हे खरं, पण किती? फ्रिजमधलं १० अंशांचं दोन लिटर पाणी ३७ अंशांवर आणायला साधारण ५४ कॅलरी. म्हणजे एक पोळीसुद्धा नाही! त्यासाठी घसा कशाला धरून घ्यायचा?

मग पाण्याचा उपयोग नाहीच का? आहे, आणि चांगला आहे. पण तो 'कधी' आणि 'कशाऐवजी' या दोन गोष्टींत आहे.

आधी 'कधी' ते पाहू. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, असं सांगितलंय की जेवणाआधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा आहे तसा राहतो आणि जेवण झाल्यावर पिणारा स्थूल होतो. यातल्या पहिल्या भागाला अलीकडच्या प्रयोगांचा बऱ्यापैकी दुजोरा आहे. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या एका प्रयोगात (२०१०) पन्नाशी उलटलेल्या लोकांना प्रत्येक मुख्य जेवणाआधी अर्धा लिटर पाणी दिलं. खाण्याचं पथ्य सगळ्यांना सारखंच होतं. १२ आठवड्यांनी पाणी पिणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा सुमारे २ किलो जास्त उतरलं होतं. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला २०१५ साली असाच प्रयोग झाला, त्यात फरक सव्वा किलोच्या आसपास पडला. जादू नव्हे, पण तीन महिन्यांत फुकटात सव्वा-दोन किलो कुणाला नकोत? कारण साधं आहे. पोटाचा कोपरा भरलेला असला की पानावर हात आपोआप आखडतो. मात्र हे जेवणाआधी अर्धा तास प्यायचं. ताट वाढल्यावर घटाघटा पिऊन लगेच घास घेतला की नुसतं जड वाटतं.

आता 'कशाऐवजी'. माझ्या मते वजनाचं खरं दुखणं इथे आहे. सकाळचा चहा, ह्यांच्याबरोबरचा दुसरा, अकराला शेजारीण आली की तिसरा, दुपारी उठल्यावर चौथा. प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर दिवसाला आठ चमचे, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी नुसत्या साखरेच्या, दूध वेगळंच. मुलांसाठी आणलेल्या गार पेयाची ३०० मिलिची बाटली उघडली तर तीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते. चारातले दोन चहा कमी करून तिथे साधं पाणी किंवा बिनसाखरेचं पातळ ताक घ्या. पाच लिटर पाण्यानं जे होणार नाही ते यानं होईल. लिंबू-मधाच्या पाण्याचंही तेच. मधाच्या एका लहान चमच्यात २० कॅलरी असतातच, ते काही औषध नव्हे.

बरं, मग आकडा काय? आठ पेल्यांचा आकडा कुठून आला त्याची गंमत आहे. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळानं रोज अडीच लिटर पाणी सुचवलं, आणि तिथेच पुढे म्हटलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं नि दुसरं सोडून दिलं! आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही निरोगी माणसाला दिवसाला साधारण दोन लिटर, आठ पेले, असंच सांगितलं आहे. वरण, आमटी, ताक, काकडी, अगदी भातातूनसुद्धा पाणी पोटात जातं, ते वेगळं.

तेव्हा घरकाम करणाऱ्या निरोगी बाईला वजन उतरवतानाही दोन लिटर पुरे. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा असेल किंवा चालून, व्यायाम करून घाम गेला असेल तर अडीच-तीन. अंगावर पाजणारीला पाऊण लिटर जास्त. दोन्ही जेवणांआधीचा अर्धा अर्धा लिटर यातच धरायचा, वर नाही. घरातलं फुलपात्र एकदा दुधाच्या मापानं मोजून ठेवा. आपल्याकडे दीडशे मिलिपासून पावशेरीपर्यंत सगळ्या आकारांची फुलपात्रं असतात, मग 'आठ' म्हणजे नक्की किती? आणि मोजायचा कंटाळा आला तर लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा असला की ठीक, गडद असला की पाणी कमी पडतंय. (बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं रंग पिवळाजर्द होतो, त्याला घाबरू नका.)

एका तासात लिटरभरापेक्षा जास्त कधी पिऊ नका. मूत्रपिंडांना तेवढंच झेपतं. त्याहून जास्त ओतलं की रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, फारच झालं तर झटकेही येतात. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, पायावर सूज असेल, तर माझा आकडा बाजूला ठेवून तुमच्या डॉक्टरांचा धरा.

नोकरी करणाऱ्या भगिनींचं दुखणं उलटंच. शाळेत, कचेरीत, एसटीच्या प्रवासात धड सोय नाही म्हणून सकाळपासून पाण्याला शिवायचंच नाही. यात तुमचा दोष नाही, पण लघवीची जळजळ आणि मूतखडा यांचं हे एक मोठं कारण आहे. निघण्याआधी तासभर अर्धा लिटर पिऊन, जाऊन येऊन मग निघा. पोचल्यावर थोडं थोडं घ्या. शाळेत चार जणी मिळून मुख्याध्यापकांकडे स्वच्छ मोरीची मागणी करा. एकटीला संकोच वाटतो, चौघींना वाटत नाही.

आणि हे मात्र नीट वाचा. तहान एकाएकी वाढली, पाणी पिऊनही भागत नाही, लघवीला सारखं जावं लागतं, आणि वजन भराभर उतरतंय, तर पथ्य लागू पडलं म्हणून खूश होऊ नका. हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. त्याच आठवड्यात रक्तातली साखर तपासून घ्या. पथ्याच्या पहिल्या आठवड्यात जे किलो-दीड किलो उतरतं ते बहुतेक शरीरातलं पाणीच असतं, तेव्हा काटाही आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी पाहावा.

रात्री उठावं लागणाऱ्या भगिनीनं शेवटचा मोठा पेला साडेसातच्या आत संपवावा, नंतर घोटभरच. तांब्याच्या भांड्यातलं पाणी चालेल का असंही तिनं विचारलंय. साधं पाणी खुशाल ठेवा, पण लिंबूपाणी किंवा ताक त्यात ठेवू नका, कळकतं.