इळा, धसकट आणि सलाईनची बाटली

सोयाबीनच्या काढणीत इळ्याने बोट चिरणे ही नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, बिलोली, देगलूर या पट्ट्यात दसऱ्याच्या आगेमागे रोजची गोष्ट आहे. डाव्या हाताने मूठ धरायची आणि उजव्याने इळा ओढायचा, त्यामुळे कापते ते बहुधा डाव्या हाताचे बोट. पुढे तूर आणि कापूस निघाला की रानात धसकटे उरतात आणि त्यांचा धस तळपायात घुसतो. उंबऱ्याची ठेच आणि दाराच्या फटीत सापडलेले बोट मात्र बारमाही. यातली बहुतेक दुखणी आठ-दहा दिवसांत आपोआप भरून येतात. तरीही एका चिरलेल्या बोटापायी घरात जो कल्लोळ उठतो, तो बाळंतपणाच्या वेळीही उठत नसेल.

रक्त दिसले की पहिली हाक जाते ती हळदीच्या डब्याला. शेजारीण चहापत्ती आणते, म्हातारा चंचीतला चुना काढतो आणि एखादे पोर बांधावरचा दगडीपाला चोळून आणते. हे सगळे एकाच बोटावर बसेपर्यंत मोटारसायकल सुरू झालेली असते. जखमी मध्ये, त्याला धरणारा मागे आणि चिंध्या गुंडाळलेले बोट वर आभाळाकडे. परत येताना तेच बोट पट्ट्या चढून मक्याच्या कणसाएवढे झालेले असते. संध्याकाळी पुण्याला असलेल्या लेकाचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी सोयरे केळी घेऊन बघायला येतात. या धावपळीत माया असते, आणि ती खरी असते.

भीतीलाही मुळात आधार आहे, आणि त्या आधाराचे नाव धनुर्वात. शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून हे नाव; सुश्रुतसंहितेतही धनुःस्तंभाचा उल्लेख येतो. या रोगाचे जिवाणू बीजाणूंच्या रूपात मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे टिकतात आणि हवा पोहोचत नाही अशा खोल, अरुंद जखमेत वाढतात. गंजलेला खिळा वाईट मानतात, पण दोष गंजाचा नसून त्यावरच्या मातीचा असतो. म्हणून भळाभळा वाहणाऱ्या बोटापेक्षा रक्ताचा थेंबही न काढणारा धस जास्त धोक्याचा. घरात होते ते नेमके उलटे: बोटाला गाडी मिळते आणि धस सुईने उकरून माणूस पुन्हा तासाला लागतो.

धनुर्वातावरचा खरा उपाय लस. ती प्रत्येक ओरखड्यामागे घ्यावी लागत नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेसाठी शेवटचा डोस दहा वर्षांच्या आतला असला की पुरे; जखम मातीने माखलेली किंवा खोल असेल तर पाच वर्षांच्या आतला. पूर्वीच्या ‘टीटी’च्या जागी २०१९पासून ‘टीडी’ लस आली. ती घटसर्पापासूनही वाचवते आणि सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळते. बायकांना ती गरोदरपणात दिली जाते. देशाचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५चा. त्याआधी जन्मलेल्या अनेक पुरुषांना मात्र लहानपणी हे डोस मिळालेलेच नाहीत. चौकशी करायची तर ती या वयाच्या गड्यांची करावी.

दवाखान्यात पुढचा हट्ट असतो तो सलाईनचा: ‘रक्त गेलंय, एक बाटली लावा.’ पाचशे मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चमचाभरही नाही. साखरेच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे शंभर कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त ताकद असते. चिरलेल्या बोटातून जाते ते थोडेसे रक्त. रक्तदानात ३५० मिली घेतात आणि माणूस चहा-बिस्किट खाऊन चालत घरी जातो. रक्त बघून भोवळ येते ती रक्त कमी झाल्याने नव्हे. क्षणभर रक्तदाब उतरतो. आडवे झोपवून पाय उंचावर ठेवले की माणूस सावरतो.

साध्या चिरेला वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणे आणि स्वच्छ फडक्याने सलग दहा मिनिटे दाबून धरणे पुरते. दर मिनिटाला उचलून बघितले की नुकती धरलेली गाठ निघते आणि रक्त पुन्हा वाहते. चुना कातडी भाजतो. चहापत्तीने जखमेत कचरा जातो. हळदीचा मान मोठा आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले होते. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७मध्ये ते रद्द झाले. हे ज्ञान आपल्याकडे जुने आहे, एवढे त्यात सिद्ध झाले; डब्यातली उघडी पूड निर्जंतुक असते, असे नव्हे.

मुरगळलेल्या पायाचेही असेच. घोट्याच्या हाडावर दाबून दुखत नसेल आणि माणूस चार पावले टाकू शकत असेल, तर बहुधा एक्स-रे लागत नाही. चिरलेले बोट वाकत नसेल, बधिर झाले असेल, दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा चिरेच्या कडा फाकलेल्या असतील, तर मात्र दवाखाना गाठावा आणि लागतील तर टाके घालून घ्यावेत.

जिथे गाडी खरोखर पळवायला हवी, तिथे बहुधा कुणी ओरडतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावते तेव्हा वेदना जवळजवळ नसते, डाग शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. त्या माणसाला हळद नको, चुना नको, आवळून बांधलेली दोरीही नको. त्याला सर्पदंशावरचे प्रतिविष आणि श्वासाचे यंत्र लागते, आणि ते नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या रुग्णालयात मिळते.