विजेची तोफ आणि दुसरा गोळा

तोफ म्हटली की दारू आली, धूर आला आणि कानठळ्या बसवणारा आवाज आला. गेली कित्येक शतके तोफेची कल्पना यापेक्षा वेगळी नव्हती. त्यामुळे दारूचा कणही न वापरता केवळ विजेच्या बळावर गोळा फेकणारी तोफ तयार झाली आहे, असे कोणी सांगितले तर कुतूहल वाटणारच. १० डिसेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात डाल्ग्रेन येथील आरमारी केंद्रात अशाच एका तोफेने ३३ मेगाज्यूल ऊर्जेचा गोळा डागला. या तोफेला रेलगन म्हणतात. ‘उद्याचे शस्त्र’ म्हणून तिची वर्णने आणि छायाचित्रे जगभर छापून आली. पुढे २०२१ मध्ये अमेरिकी आरमाराने या कामाचा पैसा थांबवला. तोपर्यंत सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाले होते आणि तिने समुद्रावर एकाही युद्धनौकेवरून गोळा डागला नव्हता.

मुळात कल्पनाच चुकीची होती, असे म्हणून यावर पडदा टाकणे सोपे आहे. परंतु ते खरे नाही. कल्पना बिनचूक होती आणि ती आपल्या दहावीच्या पुस्तकातलीच आहे. गाडे अडले ते पुस्तक जेथे संपते त्याच्या पुढच्या पानावर. ते पान आपण विद्यार्थ्यांना कधी दाखवत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आधी तत्त्व पाहू. तांब्याचे दोन जाड रूळ समांतर ठेवले आणि त्यांच्यामध्ये दोघांनाही टेकेल असा धातूचा एक तुकडा बसवला. या तुकड्याला आर्मेचर म्हणतात. गोळा त्याच्या पुढे असतो. आता एका रुळातून वीज सोडली की ती आर्मेचरमधून आडवी जाऊन दुसऱ्या रुळातून परत येते. रुळांतील प्रवाहामुळे त्यांच्यामधल्या जागेत चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि त्या क्षेत्रात आर्मेचरमधून प्रवाह वाहत असतो. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम लावून पाहा: बल रुळांच्या दिशेने, बाहेरच्या तोंडाकडे येते. झाली तोफ! फोशों-विलप्ले या फ्रेंच संशोधकाने पहिल्या महायुद्धाच्या काळातच ही कल्पना मांडली होती.

हे बल किती? प्रवाहाचा वर्ग, त्याला रुळांच्या दर मीटर लांबीच्या प्रवर्तनांकाने गुणायचे आणि निम्मे करायचे. हा प्रवर्तनांक मीटरला साधारण अर्धा मायक्रोहेन्री असतो, म्हणजे फारच क्षुल्लक. मोठे बल हवे तर प्रवाह अवाढव्य हवा. आपली हजार वॅटची इस्त्री चार-साडेचार ॲम्पिअर प्रवाह घेते. तेवढ्या प्रवाहाने रेलगनमध्ये जे बल मिळेल त्याने एक मिलिग्रॅमसुद्धा उचलले जाणार नाही. परंतु ३० लाख ॲम्पिअर सोडले तर बल साडेबावीस लाख न्यूटन होते, म्हणजे सुमारे २३० टन वजनाइतके. दहा मीटर लांबीच्या नळीत हे बल सतत लावले की साडेबावीस मेगाज्यूल ऊर्जा मिळते. सूत्रातील त्या वर्गाकडे नीट लक्ष ठेवा, पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? दारूच्या तोफेला वेगाची मर्यादा आहे. जळालेल्या दारूचा वायू गोळ्याला ढकलतो, पण त्याला स्वतःलाही गोळ्यामागून धावावे लागते. गोळ्याचा वेग वाढला की त्याच्या पाठीवर पडणारा दाब कमी होत जातो. म्हणून रणगाड्यांच्या उत्तम तोफासुद्धा सेकंदाला १७००-१८०० मीटरच्या पलीकडे फारशा जात नाहीत. चुंबकीय क्षेत्राला असे धावावे लागत नाही. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील राष्ट्रीय विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात रिचर्ड मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेलगनमधून तीन ग्रॅमचा ठोकळा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगाने सोडला होता. अमेरिकी आरमाराचे उद्दिष्ट ३२ मेगाज्यूलचे होते. त्यात साधारण १० किलोचा गोळा सेकंदाला २५०० मीटर वेगाने सुटेल आणि दोनशे किलोमीटरच्या आसपास जाऊन पडेल, असा हिशेब होता. त्याच्या पोटात स्फोटक भरण्याचीही गरज नाही. वेगच काम करतो.

नौकेच्या दृष्टीने तर यात आणखी मोठा लाभ. २४ मे १९४१ रोजी ब्रिटनची ‘हूड’ ही प्रचंड युद्धनौका दारूच्या कोठाराचा स्फोट होऊन काही मिनिटांत बुडाली. तिच्यावरील १४१८ माणसांपैकी तीनच वाचली. ज्या जहाजावर गोळ्यांची दारूच नाही, त्याला या मृत्यूचे भय तेवढे कमी. आरमाराला रेलगनचा मोह पडला यात नवल काही नाही.

आता अडचणींकडे वळू. वीज फार लागत असेल, ही सर्वांना प्रथम सुचणारी शंका. ती अर्धवट खरी आहे. ३२ मेगाज्यूल म्हणजे किती? घरच्या मीटरच्या भाषेत जेमतेम नऊ युनिट! एक लिटर डिझेल जाळले तरी यापेक्षा थोडी अधिक ऊर्जा मिळते. अडचण आहे ती वेळेची. दहा मीटरच्या नळीतून गोळा बाहेर पडायला सुमारे आठ मिलिसेकंद लागतात. नऊ युनिट आठ मिलिसेकंदांत ओतायचे म्हणजे त्या क्षणापुरती चारशे कोटी वॅट शक्ती हवी. कोणतेही जनित्र हे थेट देऊ शकत नाही. म्हणून ऊर्जा आधी धारित्रांत, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा ज्याला कंडेन्सर म्हणतो त्यात, साठवतात आणि एकदम सोडतात. दारूच्या एका किलोत तीन-चार मेगाज्यूल ऊर्जा असते. अशा धारित्रांत किलोमागे एक-दोन किलोज्यूल साठली तरी पुष्कळ. म्हणजे दारूच्या एका पिशवीचे काम करायला धारित्रांची मोठी खोलीच लागते. जुन्या चिनी दारूवाल्यांना कमी लेखू नये, हे यावरून दिसते.

शिवाय मिनिटाला दहा गोळे डागायचे आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया जाते असे धरले, तर जहाजाने सलग पंधरा-वीस मेगावॅट वीज फक्त तोफेला पुरवली पाहिजे. अमेरिकेच्या नेहमीच्या विनाशिकांची सगळी वीज आठ-नऊ मेगावॅटच्या घरात असते. ‘झुमवॉल्ट’ वर्गाच्या विनाशिका ७८ मेगावॅटच्या बांधल्या खऱ्या, पण ठरवल्या होत्या ३२ आणि बांधल्या तीन.

तरीही ही अडचण पैशाने आणि जागेने सुटण्यासारखी आहे. खरी अडचण आहे ती रुळाच्या पृष्ठभागावर, मिलिमीटरभर जाडीच्या कातडीत.

घरचा मिक्सर उघडलेला पाहिला आहे? आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवण्यासाठी त्यावर कार्बनचे दोन तुकडे घासत असतात. ते झिजतात, ठिणग्या पडतात, आणि दोन-चार वर्षांनी दुरुस्ती करणारा ‘कार्बन गेले’ असे सांगून ते बदलतो. सरकत्या स्पर्शातून वीज नेणे म्हणजे झीज आलीच. मिक्सरमध्ये दोन-चार ॲम्पिअर असतात. रेलगनमध्ये तीस लाख, आणि स्पर्श सरकतो तो सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर वेगाने.

तेथे काय घडते ते कल्पनेने पाहा. तांब्यात चुंबकीय क्षेत्र शिरायला थोडा वेळ लागतो. आर्मेचर इतक्या वेगाने पुढे जाते की तेवढा वेळच मिळत नाही. परिणामी प्रवाह रुळाच्या अगदी वरच्या पातळ थरातून आणि आर्मेचरच्या मागच्या कडेतून दाटीवाटीने वाहतो. त्या कडेचे ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि वितळलेला थर रुळाला फासला जातो. मध्ये कोठे स्पर्श सुटला की त्या फटीत विजेची ज्वाळा पेटते आणि तांब्यालाही खड्डे पाडते. प्रचंड वेगाने घासणाऱ्या दोन धातूंत नुसत्या घासण्यानेही पृष्ठभागावर थेंबाच्या आकाराचे ओरखडे उमटतात. त्यातच दोन रुळांतून प्रवाह उलट दिशांनी वाहत असल्यामुळे ते एकमेकांना ढकलतात, आणि तेही गोळ्याला ढकलणाऱ्या बलाच्याच प्रतीच्या बलाने. म्हणजे प्रत्येक गोळ्यागणिक तोफ स्वतःला फाडून काढू पाहते. ज्या तोफेत दारूच नाही तिच्या तोंडातून छायाचित्रांत ज्वाळांचा लोळ का दिसतो, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. तो लोळ बव्हंशी तप्त धातूच्या वाफेचा आणि गोळा सुटताना पेटणाऱ्या विजेच्या ज्वाळेचा असतो. तोफेचेच शरीर जळत असते म्हणा ना.

आता तो वर्ग आठवा. बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि रोधामुळे होणारी उष्णताही प्रवाहाच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट केला तर गोळ्याला चौपट जोर मिळतो आणि कातडीला चौपट चटका. एक घ्या आणि दुसरे सोडा, अशी सवलत निसर्गाने ठेवलेली नाही.

युद्धनौकेची साधी तोफ नळी न बदलता हजारो गोळे डागते. सुरुवातीच्या रेलगनचे रूळ थोड्याच गोळ्यांत निकामी होत. अभियंत्यांनी ती संख्या पुष्कळ वाढवली, ही त्यांची मोठीच कामगिरी आहे. वृत्तपत्रांत मात्र आकडा छापला गेला तो ३३ मेगाज्यूलचा. कितव्या गोळ्याला रूळ बदलावे लागले, हे विचारण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही. माझ्या मते शस्त्र म्हणून तोच आकडा महत्त्वाचा होता. पहिला गोळा भौतिकशास्त्र सिद्ध करतो. लढाईत आवश्यकता असते दुसऱ्याची आणि दोनशेव्याची.

गंमत अशी की रेलगनसाठी बनवलेला निमुळता, हलका, दिशा सुधारणारा गोळा मात्र उपयोगी निघाला. २०१८ मध्ये ‘ड्यूई’ या अमेरिकी विनाशिकेने आपल्या नेहमीच्या पाच इंची, दारूच्या तोफेतून असे वीस गोळे डागून पाहिले. रेलगनच्या मानाने वेग निम्म्याच्या आसपास मिळाला. पण त्यासाठी नवे जहाज लागले नाही, की धारित्रांची खोली लागली नाही. पैसा थांबवण्याचा निर्णय मला तरी समंजस वाटतो.

यावर कोणी म्हणेल, विजेने वस्तू फेकणे मग अव्यवहार्यच! तसेही नाही. २०१७ मध्ये सेवेत आलेल्या ‘जेराल्ड फोर्ड’ या विमानवाहू नौकेवरून विमाने विजेच्या यंत्रणेनेच आकाशात फेकली जातात. तीत एका खेपेला १२२ मेगाज्यूलपर्यंत ऊर्जा देता येते, म्हणजे रेलगनच्या जवळजवळ चौपट. फरक असा की तेथे विमानाला ओढणाऱ्या भागात प्रवाह प्रवर्तनाने, न शिवता निर्माण होतो, आणि काम मिलिसेकंदांऐवजी दोन-तीन सेकंदांत होते. त्या यंत्रणेनेही सुरुवातीला बिघाडांनी पुष्कळ त्रास दिला. परंतु तिला स्वतःचे रूळ जाळावे लागत नाहीत.

जपानने वेगळी वाट धरली. त्यांची तोफ लहान, ४० मिलिमीटर व्यासाची. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी ती जहाजावरून समुद्रात डागल्याचे जाहीर केले. मला त्यातला जो भाग आवडला तो असा की, त्यांनी वेगाबरोबर रुळांचे आयुष्यही जाहीर केले: १२० गोळ्यांनंतरही सेकंदाला दोन हजार मीटरच्या वर वेग टिकला. १२० हा आकडा युद्धनौकेला अपुरा आहे, पण प्रश्न योग्य विचारला आहे. आपल्याकडे पुण्यात पाषाण येथील संरक्षण खात्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेतही रेलगनचे प्रयोग झाले आहेत. तेथील कामाची बातमी वाचाल तेव्हा वेगाच्या शेजारी ही दुसरी संख्या दिली आहे का ते अवश्य पाहा.

विद्यार्थी मित्रहो, एक सूचना कळकळीने करतो. घरगुती रेलगनची चलच्चित्रे पाहून मोठी धारित्रे जमवू नका. बटण बंद केल्यावरही ती भारित राहतात आणि त्यांचा एक झटका जीव घेऊ शकतो.

शिक्षकांनी वर्गात करून दाखवण्याजोगा निर्धोक प्रयोग निराळा आहे. तांब्याच्या दोन उघड्या जाड तारा पुठ्ठ्यावर समांतर बसवाव्यात. खाली एक चपटे लोहचुंबक ठेवावे, कारण एवढ्याशा प्रवाहाचे स्वतःचे क्षेत्र पुरत नाही. तारांवर ॲल्युमिनियमची हलकी नळी आडवी ठेवून दीड व्होल्टचा सेल क्षणभरच टेकवावा. जास्त वेळ टेकवल्यास सेल तापतो. पहिल्या खेपेला नळी बहुधा हलणारच नाही. तारा पॉलिश पेपरने घासाव्यात, म्हणजे ती झटकन पळेल. येथे बहुतेक वर्ग टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. तो तेथे संपवू नये. तीच नळी पुन्हा पुन्हा पळवावी, तारांवर काळे ठिपके कोठे उमटतात ते भिंगातून मुलांना दाखवावे, आणि कितव्या खेपेला नळी अडखळली तो आकडा प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून ठेवावा.