लागवडीची तारीख फुलोऱ्यावरून ठरवावी

कोलार जिल्ह्यातील टोमॅटो जुन्या मद्रास रस्त्याने, होस्कोटे मागे टाकून, के. आर. पुरममार्गे बंगळूर शहरात येतो. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातील अनेक शेतकऱ्यांना मात्र तोडणीचा खर्चही भागेना. या चढउताराची चर्चा व्यापार, साठवण आणि वाहतूक यांभोवती अधिक झाली. त्याचे एक मूळ लागवडीच्या तारखेत आहे, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे वाटते.

टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत पुनर्लागवडीस येते. त्यानंतर साधारण महिन्याने फुले लागतात आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत सुमारे दीड महिना जातो. म्हणजे जुलैच्या मध्यावर तोडले जाणारे फळ मेअखेर फुलाच्या अवस्थेत असते. दिवसाचे तापमान ३५ अंशांपलीकडे गेले आणि रात्रीही गारवा नसला, तर परागकणांची क्षमता घटून फुले गळतात. जुलैची टंचाई अशी उन्हाळ्यातच आकार घेऊ लागते. पुढे जुलैचा चढा भाव पाहून ज्यांनी रोपे लावली, त्यांचा माल अडीच महिन्यांनी, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, एकाच वेळी बाजारात उतरतो.

यावरून एक सूत्र निघते. पेरणीचा दिवस आधी ठरवून पुढे मोजण्याऐवजी, फुलोऱ्याचा पंधरवडा आधी निश्चित करावा आणि तेथून मागे मोजत यावे.

येथे महिन्यांच्या नावांवर विसंबणे धोक्याचे ठरते. बंगळूरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे एप्रिल हा सर्वांत उष्ण महिना; त्याचे सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या आसपास असते आणि मे महिन्यातील वळीव हवा निववतो. जळगाव सुमारे २०० मीटरवर असून तेथे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘अर्का रक्षक’सारखे वाण खानदेशात आणता येते, बंगळूरची तारीख मात्र आणता येत नाही. खानदेशात उन्हाळी टोमॅटोचा फुलोरा फेब्रुवारीअखेर साधायचा, तर पुनर्लागवड जानेवारीअखेर आणि रोपवाटिकेतील पेरणी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हवी. ती वेळ टळली असल्यास भेंडी, गवार, चवळी यांसारख्या उष्णता सोसणाऱ्या पिकांकडे वळणे श्रेयस्कर.

फुलकोबीतही तापमानाचे गणित चुकले, तर वाण उत्तम असूनही गड्डा सुपारीएवढाच राहतो. कांद्याच्या बाबतीत शेतकरी हे फार पूर्वीपासून जाणतात. खरीप, रांगडा आणि रब्बी अशा तीन हंगामांसाठी वेगवेगळे वाण निवडण्याची पद्धत त्यातूनच रुजली. इतर भाज्यांनाही तीच शिस्त लागू करावी, एवढेच म्हणणे आहे.

बिगरहंगामी मालालाच पैसा मिळतो, मग जोखीम का घेऊ नये, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. परंतु ती जोखीम मोजून घ्यावी. शेडनेटने दुपारचे ऊन कमी होते. रात्रीचा उकाडा त्याने हटत नाही. शिवाय हवामान दरवर्षी सारखे नसते. २४ एप्रिल २०१६ रोजी बंगळूरमध्येही ३९.२ अंशांची नोंद झाली होती. म्हणून संपूर्ण क्षेत्रावर एकाच दिवशी लागवड न करता, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत ती करावी. एखादा टप्पा उष्णतेत सापडला, तरी सारे पीक हातचे जात नाही.

येथे संशोधन संस्थांचीही जबाबदारी आहे. ‘उन्हाळी लागवड : जानेवारी ते फेब्रुवारी’ अशी एका ओळीची शिफारस महाबळेश्वरलाही लागू आणि नागपूरलाही, हे शास्त्राला धरून नाही. लागवडीचे वेळापत्रक तालुकानिहाय असावे आणि त्यात महिन्यासोबत फुलोऱ्याच्या काळातील अपेक्षित दिवस-रात्रीचे तापमान छापलेले असावे. रोपे, ठिबक, मल्चिंग आणि मजुरी यांचा खर्च शेतकरी फुले दिसण्यापूर्वीच करून बसतो. त्या खर्चाआधी त्याला ही माहिती मिळायला हवी.